गाव सापडले की माणूस सापडतो



वंशावळ म्हटले की आपल्याला कुलवृत्तान्त आठवतात, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवतात. आज मात्र मी तुम्हांला फिनलंडला नेणार आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, जो आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून राबला, अशा माणसाचाही जन्म, लग्न, मुले, मुक्काम आणि मृत्यू तिथे अठराव्या शतकापासून लिहून ठेवलेला सापडतो. हे लिहिले कोणी, कशासाठी, आणि अमेरिकेत जाऊन विस्मरणात गेलेला फिनिश पूर्वज त्यातून कसा शोधतात, हा आजचा विषय.

आधी थोडा इतिहास. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता. त्या वर्षी तो रशियाच्या झारच्या ताब्यात गेला. जुने कायदे आणि लूथरपंथी चर्च मात्र कायम राहिले. ६ डिसेंबर १९१७ रोजी तो स्वतंत्र झाला. त्याआधी, साधारण १८७० ते १९१४ या काळात, सुमारे तीन लाख फिनिश माणसे अटलांटिकपार गेली. १९०० साली देशाची लोकसंख्याच सव्वीस-सत्तावीस लाख होती. जाणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा पोह्यनमाचा, म्हणजे बोथ्नियाच्या आखाताला लागून असलेल्या पश्चिम भागाचा. तिथे शेत बहुधा एका मुलाकडे राही आणि बाकीची भावंडे कुळे नाहीतर गडी होत. पाइनच्या लाकडापासून काढलेले डांबर जहाजांसाठी विकणे हा तिथला जोडधंदा. लोखंडी जहाजे आली आणि तो बसला. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात देशातली सुमारे आठ टक्के माणसे दगावली होती, ती धास्ती ताजी होती. त्यात १९०१ साली झारने सक्तीच्या लष्करभरतीचा नवा कायदा लादला. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, देश सोडणाऱ्यांचा आकडा तेवीस हजारांवर गेला.

आता शोधाला लागू. समजा, मिशिगन राज्यातल्या हॅनकॉक गावात एक बाई राहतात. हा तांब्याच्या खाणींचा मुलूख. १८६० च्या दशकात खाणमालकांनी उत्तर नॉर्वेतून कामगार आणले, त्यांत फिनिश लोक होते. मग गावेच्या गावे मागोमाग आली. या बाईंना आपल्या पणजोबांविषयी दोनच गोष्टी ठाऊक आहेत: नाव मॅट हिल, आणि ते ‘फिनलंडहून आले’. एवढ्या भांडवलावर फिनलंडच्या दप्तरात मॅट हिल शोधायला गेले तर तो जन्मात सापडणार नाही, कारण त्या नावाचा माणूस फिनलंडात कधी नव्हताच. तिथला मट्टी मॅकी अमेरिकेत मॅट हिल झाला. ‘मॅकी’ म्हणजे टेकडी, म्हणून हिल. अशी भाषांतरित आणि छाटलेली नावे अमेरिकेतल्या फिनिश वस्त्यांत सर्रास आढळतात.

बरे, मॅकी तरी खरे आडनाव होते का? पश्चिम फिनलंडात आडनाव ही पक्की गोष्ट नव्हती. माणसाची ओळख स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि तो राहतो त्या शेताचे नाव, अशी तिपेडी असे. शेत बदलले की तिसरे नाव बदले. घरजावई म्हणून बायकोच्या शेतावर राहायला गेलेला नवरा तिच्या शेताचे नाव लावी. सख्ख्या भावांची नावे त्यामुळे वेगवेगळी निघतात. सैनिकाला पलटणीत आखूड, बहुधा स्वीडिश नाव मिळे, ते आणखी वेगळे. पूर्वेकडे सावो आणि करेलियात मात्र ‘नेन’ने संपणारी आडनावे शतकानुशतके बापाकडून मुलांकडे येत राहिली. आडनाव सर्वांना सक्तीचे झाले ते १९२० च्या कायद्याने. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाद्री वह्या स्वीडिशमध्ये लिहीत; घरातला यूहो वहीत योहान, घरातला हाइक्की वहीत हेन्रिक. एका माणसाची तीन-चार नावे, आणि चारही खरी!

म्हणून फिनिश वंशावळीचा पहिला नियम असा, की नावाच्या मागे लागू नका, गावाच्या मागे लागा. गाव म्हणजे नकाशावरचे शहर नव्हे, तर चर्चचा परगणा, म्हणजे पॅरिश. आणि जमल्यास त्यातले खेडे आणि शेत. शोधाचा पहिला टप्पा सगळा अमेरिकेत होतो आणि त्याचा हेतू एकच, परगण्याचे नाव मिळवणे.

ते कुठे मिळते? सर्वांत आधी घरात: जुने बायबल, मायदेशाची पत्रे, त्यांवरचे शिक्के, फोटोच्या मागची अक्षरे. मग अमेरिकेतल्या फिनिश चर्चच्या सभासद वह्यांत. सुओमी सिनॉड ही लूथरपंथी संघटना १८९० साली स्थापन झाली. मायदेशातून आलेले पाद्री मायदेशासारख्याच वह्या ठेवीत आणि जन्माचा परगणा लिहीत. जनगणनेत माणूस अमेरिकेत आल्याचे साल मिळते, पण जन्मस्थानाच्या रकान्यात ‘रशिया’ नाहीतर ‘फिनलंड’ एवढाच शब्द.

नागरिकत्वाचे अर्ज १९०६ च्या कायद्यानंतर एकसारख्या नमुन्यात होऊ लागले. त्यांत जन्मगाव आणि जहाजाचे नाव येते. या कागदांवर फिनिश शेतकऱ्याने शपथ घेतलेली दिसते, की मी रशियाचा सम्राट दुसरा निकोलस याच्याशी असलेली निष्ठा सोडतो. नागरिकत्व सहज मिळे असेही नाही. १९०८ साली मिनेसोटात जॉन स्वान या फिनिश खाणकामगाराच्या अर्जाला सरकारी वकिलाने हरकत घेतली: फिन हे मंगोल वंशाचे, म्हणून गोरे नव्हेत! डुलुथचे न्यायाधीश विल्यम कँट यांनी ती फेटाळली आणि स्वान नागरिक झाला. पंधरा वर्षांनी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांचा खटला ‘गोरा’ असण्याच्या त्याच अटीवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि आपला माणूस हरला. नागरिकत्वाची फाइल उघडताना हा इतिहास माहीत असावा.

एक लोकप्रिय दंतकथा इथेच निकालात काढू. ‘एलिस बेटावरच्या कारकुनाने आमचे आडनाव बदलले’ असे अमेरिकेत घरोघरी सांगतात. एलिस बेटाचे केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी उघडले हे खरे. पण प्रवाशांच्या याद्या तिथे लिहिल्या जात नसत. जहाज कंपनी त्या निघण्याच्या बंदरात तयार करी आणि बेटावरचा अधिकारी त्या हातात घेऊन माणसे तपासे. नावे बदलली ती पुढे, खाणीच्या हजेरीपटावर, शाळेत, आणि बहुतेक वेळा स्वतःच्या मर्जीने. या याद्या १९०७ पासून आपल्या फार कामाच्या होतात, कारण त्यांत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि पत्ता मागितलेला असतो. ‘वडील यूहो, मुक्काम कौहावा’ अशी ओळ मिळाली की अर्धी लढाई जिंकली.

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. बहुतेक प्रवासी दक्षिणेच्या हांको बंदरातून निघत. १८८३ साली स्थापन झालेल्या फिनलंड स्टीमशिप कंपनीची जहाजे त्यांना इंग्लंडमधल्या हल बंदरात उतरवीत. तिथून आगगाडीने लिव्हरपूल, आणि मग मोठ्या जहाजाने अमेरिका. या कंपनीच्या १८९० च्या दशकापासूनच्या प्रवासी याद्या तुर्कूच्या स्थलांतर संस्थेने सांभाळल्या आहेत. त्यांना जोड म्हणजे पासपोर्टच्या नोंदवह्या. पासपोर्टसाठी पाद्र्याचा दाखला लागे, म्हणून परगणा कळतो. लष्करभरती चुकवणारी पोरे मात्र पासपोर्टाविनाच स्वीडनमार्गे सटकत. त्यांचा माग या वह्यांत लागत नाही.

परगणा कळला की आपण या सगळ्या कागदपत्रांतल्या खऱ्या खजिन्याशी येतो. त्याला फिनिशमध्ये रिप्पीकिर्या म्हणतात, म्हणजे चर्चमधल्या प्रभुभोजनाची नोंदवही. १६८६ च्या स्वीडिश चर्च कायद्याने प्रत्येक पाद्र्यावर बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या याद्यांबरोबर आपल्या हद्दीतल्या सर्व रहिवाशांची घरवार यादी ठेवण्याची जबाबदारी टाकली. लूथरपंथाचा आग्रह असा, की प्रत्येकाने धर्मप्रश्नोत्तरी स्वतः वाचावी. म्हणून पाद्री वर्षातून एकदा वाडीवस्तीवर जाऊन लहानथोरांची वाचनपरीक्षा घेई. वाचता आले नाही तर दीक्षाविधी नाही, आणि दीक्षाविधी नाही तर लग्न नाही! लिहिता न येणारा फिनिश शेतमजूर छापील मजकूर वाचू शकत होता, तो या धाकामुळे.

वहीची मांडणी पाहा. आडनावांची अक्षरवार यादी नाही. आधी खेडे, खेड्यात शेत, शेतात कुटुंब. मालक, मालकीण, मुले, म्हातारे आईबाप, मग गडी, मोलकरणी, कुळे, शेवटी आश्रित. प्रत्येकापुढे जन्मतारीख, वाचनाच्या परीक्षेच्या खुणा, देवी निघाल्या की टोचल्या, प्रभुभोजनाला कधी आला, कोणत्या परगण्यातून आला, कुठे गेला. शेऱ्यात कधी चोरीची शिक्षा, कधी ‘आंधळी’. एक वही साधारण दहा वर्षे चाले. नवी उघडली की तेच कुटुंब पुढच्या पानावर. दीक्षा न झालेल्या मुलांसाठी वेगळी वही. अमेरिकेला गेलेल्याचे नाव पाद्री लगेच खोडत नसे. ‘अमेरिका’ असा शेरा मारून पुढे कित्येक वर्षे, कधी वहीच्या शेवटी गैरहजरांच्या पानांवर, त्याला आपल्याच परगण्यातला माणूस म्हणून धरून ठेवी. हॅनकॉकच्या बाईंना पणजोबा इथे भेटतील: भावंडांसह, आईबापांसह, शेताच्या नावासह. आणि कधी न ऐकलेली पहिली बायकोही भेटेल. नवरा अमेरिकेत, बायको गावात. अशा बायकांना तिथे ‘अमेरिकेच्या विधवा’ म्हणत.

या वहीमागे प्रेम नव्हते, पाळत होती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ती पाळत सर्वांवर सारखी होती, म्हणून मोलकरणीचाही इतिहास उरला. आपल्याकडे कुलवृत्तान्त त्या कुळांचे छापले गेले, ज्यांच्याकडे छापण्याची ऐपत होती.

या वाटेने बहुतेक कुटुंबे अठराव्या शतकापर्यंत मागे जातात, आणि तिथे अडखळतात. १७१३ ते १७२१ या काळात रशियन सैन्याने फिनलंड व्यापला होता. पाद्री पळाले, वह्या जळाल्या, हरवल्या. १८२७ च्या आगीत तुर्कू शहर भस्मसात झाले आणि दप्तरेही गेली. अठराव्या शतकाआधीच्या काळासाठी करवसुलीची कागदपत्रे उरतात: १६३० च्या दशकापासून माणशी कराच्या याद्या, आणि त्याहून मागे राजा गुस्ताव वासाच्या काळातले जमीनमहसुलाचे हिशेब. त्यांत शेतकरी मालकाचे नाव असते, भूमिहीन दिसत नाही. पाद्र्याची वही आणि सरकारची वही यांतला फरक इथे कळतो. तारखांची एक गंमत सांगतो: फिनलंडसह सगळ्या स्वीडनच्या राज्यात १७१२ साली ३० फेब्रुवारी ही तारीख खरोखर होती. पंचांगातल्या गोंधळाची ती दुरुस्ती. तेव्हा अशी तारीख दिसली तर लेखनदोष समजू नका.

आज हे सारे घरबसल्या पाहता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या वंशावळ संस्थेने फिनिश चर्चवह्यांचे मायक्रोफिल्म काढले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे चित्रणही याच संस्थेने केले. १९१७ साली स्थापन झालेल्या फिनिश वंशावळ संस्थेने स्वयंसेवकांकरवी जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींची ‘हिस्की’ ही सूची बनवली. राष्ट्रीय दप्तरखान्याने मूळ पानांची छायाचित्रे खुली केली. सूचीत नाव दिसले की काम झाले असे मात्र समजू नये. मूळ पान पाहावे, त्याच्या आधीची वही पाहावी, शेजारचे शेत पाहावे, मुलांचे धर्ममातापिता कोण ते पाहावे. एका परगण्यात एकाच वर्षी जन्मलेले चार मट्टी असू शकतात. त्यांतला आपला कोणता, हे शेतावरून ठरते.

आपल्यातलेही पुष्कळ लोक समुद्रापार गेले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिट्यांच्या, म्हणजे करारबद्ध मजुरांच्या, नोंदी तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, वडिलांचे नाव, वय, गाव, जहाज, आणि पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. तिथली कुटुंबेही आज हाच प्रश्न विचारतात: आमचे गाव कोणते?

तेव्हा विनंती एकच. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर याच आठवड्यात वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. आडनाव सर्वांना पाठ असते. तुम्ही वाडी, गाव, तालुका, आजीचे माहेर आणि साल लिहून घ्या. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे घाला. आणि लिहिताना घरी कामाला असलेल्या माणसांची नावेही गाळू नका.