सारे एकाच पक्षाचे

रात्रीची जेवणे आटोपून घरची मंडळी ओसरीवर बसली, की भेंड्या सुरू व्हाव्यात, ही आपल्याकडील जुनी वहिवाट. भेंड्यांत दोन पक्ष असतात, आणि ज्याचे पाठांतर दांडगे त्याची सरशी होते. पण ज्यास वेळेवर एकही ओळ आठवत नाही, तो हळूहळू भिंतीकडे सरकतो व अखेर नुसता श्रोता होऊन राहतो. अशा मनुष्यास पुन्हा बैठकीत आणून बसविणारा एक शब्दखेळ युरोपात निघाला आहे. त्याचे नाव ‘जस्ट वन’, म्हणजे ‘फक्त एक’. लुडोविक रूडी व ब्रुनो सॉटर या दोघांनी रचलेला हा खेळ २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि २०१९ साली जर्मनीतील ‘वर्षातील खेळ’ हा मान त्यास मिळाला.

तीन ते सात माणसे, तेरा पाने आणि प्रत्येकाजवळ एक पाटी, एवढ्या सामग्रीवर तो चालतो. प्रत्येक पानावर पाच शब्द असतात. ज्याची पाळी, तो स्वतः न पाहता पान इतरांपुढे धरतो व एक ते पाच यांतील एक आकडा सांगतो. त्या आकड्याचा शब्द त्याने ओळखावयाचा. इतरांनी परस्परांस न विचारता आपापल्या पाटीवर एकेकच शब्द खूण म्हणून लिहावयाचा. मूळ शब्दाचेच दुसरे रूप किंवा परभाषेतील प्रतिशब्द चालत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. ओळखणारा डोळे मिटून असता पाट्या ताडून पाहतात, आणि ज्या खुणा सारख्या निघतील त्या सर्व पुसून टाकतात. ‘घोडा’ आणि ‘घोडी’ हीही एकच खूण समजली जाते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीनेही शब्द निराळा ठरत नाही!

वैरागच्या एखाद्या घरात हा डाव मांडला आहे, अशी कल्पना करावी. शब्द निघाला ‘चादर’. ओळखावयाचा आहे धाकट्या नातवाने. वडील, आई व थोरली बहीण या तिघांनीही झटकन ‘सोलापूर’ लिहिले. तिघांच्याही पाट्या कोऱ्या झाल्या! काकांनी ‘थंडी’ लिहिले होते. आजीने बराच विचार करून ‘कबीर’ लिहिले होते. नातवाने डोळे उघडले. थंडीचा आणि कबीराचा संबंध काय? कबीर विणकर होता, हे आठवताच तो ओरडला, ‘चादर!’ भेंड्यांत मागे राहणाऱ्या आजीनेच घराचा डाव राखला.

उत्तर बरोबर आले, तर पान सर्वांच्या खात्यात जमा होते. ‘सोडले’ म्हटल्यास तेवढेच पान जाते. चुकल्यास गड्डीतील आणखी एक पान जाते. तेरा पाने संपली, की जमा झालेली मोजावयाची. पराभव झालाच, तर तो सर्वांचा, विजयही सर्वांचा.

शाळेत सर्वांचे उत्तर एकच आले, की गुरुजी संतुष्ट होतात. येथे मात्र जे सर्वांस सुचते ते व्यर्थ जाते, आणि जे एखाद्यासच सुचते ते सर्वांच्या कामी येते. तथापि ती खूण फारच दूरची असून भागत नाही. ओळखणाऱ्याच्या मनापर्यंत ती पोहोचली पाहिजे. शेजारचा काय लिहील आणि समोरच्यास काय कळेल, हा दुहेरी विचार केल्यावाचून येथे लेखणी उचलता येत नाही. एका घरात राहणाऱ्या माणसांनीही परस्परांचा इतका विचार करावा, असे प्रसंग किती येतात? जुन्या पाट्या माळ्यावर असतील, तर त्या खाली काढण्यास एवढे कारण पुरेसे आहे.