सूर्य दूरचा, दिवा जवळचा

(अमरावती येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



दर्यापूरकडच्या एका गावातल्या आजींपासून सुरुवात करतो. मे महिना होता, दुपारचे बारा वाजलेले. नुकत्याच वखरलेल्या वावरात आजी उभ्या होत्या. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी नवा कॅमेरा घेतलेला, म्हणजे जग जिंकायलाच निघालेला. फटाफट दहा-बारा फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांना दाखवले. आजींनी निरखून पाहिलं आणि विचारलं, "माह्ये डोये कुठी गेले रे बापू?"

खरंच, डोळे नव्हते. भुवयांखाली दोन काळे खड्डे होते, नाकाखाली मिशीसारखी सावली होती आणि मागचं आभाळ पांढरं फटक पडलं होतं. आजचं माझं सगळं बोलणं म्हणजे आजींच्या त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी गुन्हेगार शोधू. येत्या मे महिन्यात, साधारण २३ ते २६ तारखांच्या दरम्यान, सूर्य आपल्या नेमका डोक्यावर येईल. अकोल्यात आधी, अमरावतीत एखाद-दोन दिवसांनी. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच मुरते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैत तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे कोणाच्या लक्षात येत नाही. जमिनीवरची सावली शून्य होते हे खरं, पण माणसाच्या बाबतीत ती जमिनीवरून उठून चेहऱ्यावर येऊन बसते. भुवईखाली, नाकाखाली, हनुवटीखाली. आजींच्या डोक्यावर पदर होता, त्याची सावली आणखी वेगळी.

दुसरी गुन्हेगार आपली जमीन. समुद्रकाठच्या वाळूवर माणूस उभा केला तर वाळूवरून उलटलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो आणि सावल्या आपोआप फिकट होतात. आपली काळी माती पडलेला उजेड बहुतेक पिऊनच टाकते. कापसाची ती आई, पण फोटोग्राफरची सावत्र आई! तेच वावर वेचणीच्या वेळी पांढरं फुललेलं असलं की चेहरे बरे येतात, हे आमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल.

मग उपाय काय? बहुतेक जण कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश मारतात. त्यानं काय होतं ते दाखवतो. कृपया सभागृहातले दिवे मालवा. माझ्या हातात वरुडचं संत्रं आहे, मृग बहराच्या शेवटच्या तोडणीतलं. मोबाइलचा टॉर्च मी माझ्या डोळ्यांजवळ धरून संत्र्यावर मारतो. तुम्हाला काय दिसतं? नारिंगी रंगाची चपटी टिकली. आता टॉर्च हातभर बाजूला आणि थोडा वर नेतो. पाहा, सालीवरचं एक-एक छिद्र दिसायला लागलं, देठाजवळचा खळगा दिसला, संत्रं गोल झालं. टॉर्च तोच, संत्रंही तेच. फक्त दिवा डोळ्यापासून दूर गेला आणि सावली जन्माला आली. चला, दिवे लावा.

आमच्या धंद्यात याला ऑफ-कॅमेरा फ्लॅश म्हणतात. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा, स्टँडवर लावायचा आणि रेडिओ ट्रिगरनं उडवायचा. मराठीत या कलेसाठी 'प्रकाशचित्र' असाही शब्द होता, पण रुळला तो 'छायाचित्र'. मला वाटतं, लोकांनी बरोबर निवडला. उजेड तर सूर्य फुकट आणि भरपूर देतो. फ्लॅशचं काम चेहऱ्यावरची सावली कुठे पडावी आणि किती गडद असावी, हे ठरवण्याचं.

आता थोडा हिशेब. घाबरू नका, दोन नळांचा हिशेब आहे. एका टाकीत दोन नळांनी पाणी येतं. पहिला सूर्याचा: शटर जितका वेळ उघडं, तितकं पाणी. दुसरा फ्लॅशचा: तो सेकंदाच्या हजाराव्या भागात, कधी त्याहूनही कमी वेळात, उडून संपतो. शटर १/६० सेकंद उघडं असो की १/२००, फ्लॅशचं पाणी तेवढंच. म्हणून शटरचा वेळ कमी केला की फक्त सूर्य मंदावतो: मागचं आभाळ निळं होतं, ढगांना कडा येतात, पण चेहऱ्यावरचा फ्लॅश जागचा हलत नाही. फ्लॅश कमी-जास्त करायचा तर त्याची ताकद बदला किंवा स्टँड पुढे-मागे सरकवा. लेन्सचं छिद्र मात्र दोन्ही नळांवरची एकच मुख्य चावी आहे. एवढं कळलं की निम्मी विद्या आली.

स्टँड सरकवण्याला एवढं महत्त्व का? सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. तुम्ही वावराच्या या धुऱ्यावर उभे राहा की त्या धुऱ्यावर, त्याला फरक पडत नाही. फ्लॅश दोन मीटरवर असतो. तो एक मीटरवर आणला की चेहऱ्यावरचा उजेड चौपट होतो, चार मीटरवर नेला की चतकोर उरतो. सूर्य दूरचा आहे, त्याला विनंती करता येत नाही. दिवा जवळचा आहे, त्याला एक पाऊल पुढे ये म्हणता येतं.

पण शटर मनाला येईल तितकं जलद नेता येत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंद ही फ्लॅशची वेस आहे. वेस ओलांडली की शटरचा दुसरा पडदा फ्लॅश उडण्याआधीच खाली यायला लागतो आणि चित्राच्या एका कडेला फ्लॅश पोचतच नाही. हे मी पुस्तकात वाचलं नाही, अकोल्यातल्या एका लग्नात शिकलो. उन्हात वरातीचे फोटो होते, शटर १/५०० वर राहिलं होतं. घरी येऊन पाहतो तर ओळीनं प्रत्येक फोटोत नवरदेव कमरेपर्यंत उजळ आणि खाली अंधारा पट्टा. नवरदेवाचे चकाकते जोडे त्यात गडप! चूक सर्वस्वी माझी होती आणि वराती काही पुन्हा निघत नाहीत. आजकालच्या फ्लॅशमध्ये या वेशीपलीकडे जायची सोय असते, पण तेव्हा फ्लॅश एका दणक्याऐवजी झपाट्यानं लुकलुकत राहतो आणि त्याची ताकद बरीच घटते.

ही ताकद आपल्या उन्हात कशी अपुरी पडते तेही पाहा. भर उन्हाचा जुना ठोकताळा असा: आयएसओ १०० असेल तर छिद्र एफ/१६ आणि शटर सुमारे १/१००. शटर १/२०० केलं की छिद्र एफ/११. आता हातात मावणाऱ्या चांगल्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, मधल्या झूमला ४०च्या आसपास धरू. त्याला ११नं भागा. साधारण साडेतीन मीटर आलं. म्हणजे पूर्ण ताकदीनिशी हा फ्लॅश साडेतीन मीटरवरून उन्हाशी बरोबरी करील. त्याला पांढरी छत्री लावली की उजेड जवळपास चतकोर होतो आणि अंतर निम्मं, पावणेदोन मीटर. म्हणून उन्हात छत्री लावायची तर ती माणसाच्या अगदी जवळ, फक्त चौकटीत दिसणार नाही एवढी बाहेर ठेवावी लागते. दूर मांडवाच्या खांबाला छत्री बांधून उन्हाशी लढणाऱ्यांचे सेल फुकट जातात.

छत्री लावायचीच कशाला, असं कोणी विचारील. सूर्य प्रचंड आहे, पण आपल्या आभाळात तो किती दिसतो? रुपयाचं नाणं अडीच मीटरवर धरा, तेवढाच. एवढ्याशा ठिपक्यातून उजेड येतो म्हणून त्याच्या सावलीला सुरीसारखी धार असते. दीड मीटरवर ठेवलेली मीटरभर रुंदीची छत्री चेहऱ्याला सूर्याच्या सुमारे सत्तरपट रुंद दिसते. उजेड अनेक बाजूंनी येतो, सावलीची धार बोथट होते आणि सुरकुत्या ओरखड्यांऐवजी सुरकुत्यांसारख्या दिसतात.

कृत्रिम उजेडाची ही युक्ती आजची नव्हे. १८८७ साली जर्मनीत मीटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर काढली, तेव्हा भडका आणि धूर यांच्यासह फोटो निघत. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या फ्लॅशनं उडती गोळीसुद्धा थांबवून दाखवली. पण आपल्या कामाचा धडा दिला तो सुब्रत मित्र या आपल्याच छायालेखकानं. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' या १९५६च्या चित्रपटात बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. खऱ्या अंगणात वरच्या आभाळातून पाझरणारा उजेड सावलीला धार येऊ देत नाही. मित्र यांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्या कापडावर मारून परतलेला उजेड घेतला. लोकांना वाटलं, खरंच बनारसचं घर. दिवा होता, पण तो आभाळाची नक्कल करत होता. माझ्या मते कृत्रिम उजेडाचं सगळं सौजन्य याच्यात आहे.

आता आपल्या गावातले तीन प्रसंग.

पहिला हळदीचा. पिवळ्या कापडाचा मांडव, वर ऊन. कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्यांनाच हळद लावतो, नवरीलाही आणि मामांच्या पांढऱ्या शर्टालाही. इथे नवरीच्या बाजूनं छत्रीतून मंद फ्लॅश दिला की चेहऱ्याचा रंग चेहऱ्यापाशी राहतो, हळद हळदीपाशी.

दुसरा वडाळीच्या तलावावरचा, सूर्य बुडतानाचा. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो आणि मावळतीचा नारिंगी. नुसता फ्लॅश मारला तर माणूस निळसर, कापून चिकटवल्यासारखा दिसतो. फ्लॅशच्या तोंडाला नारिंगी जिलेटिन पेपर लावा. मग डोळ्याला वाटतं, सूर्यच तिथून थोडा वळून पाहतोय.

तिसरा चिखलदऱ्याचा, पावसाळ्यातला. धुक्यात उजेड आधीच इतका मऊ असतो की चेहरा सपाट होतो. तिथे फ्लॅश समोरून मारलात तर धुक्याचे थेंबच उजळतात आणि माणूस पांढऱ्या पडद्यामागे जातो. फ्लॅश बाजूला, माणसाच्या जवळ आणि अगदी मंद ठेवा. गालाच्या एका बाजूला हलकी सावली आली की पुरे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आमच्या धंद्यात फ्लॅशचा सर्वांत मोठा गैरवापर माणसं गोरी करण्यासाठी होतो. उन्हात राबलेला सावळा चेहरा जास्त फ्लॅश मारून पांढरा केला जातो, उरलेलं काम संगणकावर. सावळी त्वचा बाजूच्या उजेडात फार देखणी दिसते. कपाळावर, गालफडावर उजेडाची जी तकाकी येते, ती तिची श्रीमंती. तिला पीठ फासणं हा अपमान आहे. फ्लॅश वाढवायचा मोह झाला की चतकोर कमी करा, हा माझा स्वतःसाठीचा नियम आहे.

आता आजींकडे परत जातो. हे सगळं शिकून, छत्री-स्टँड घेऊन मी त्या गावी जायचं ठरवलं. जायला दोन वर्षं लागली. आजी गेल्या होत्या. ओसरीत त्यांचा हार घातलेला फोटो होता. एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा केलेला. मूळ फोटोत आजींचे डोळे मिटले होते, म्हणून तालुक्याच्या स्टुडिओत ते संगणकावर उघडून दिले होते. कोणाचे होते ते डोळे, देव जाणे. आजींचे नव्हते. मी काढलेले दहा-बारा फोटो माझ्याकडे अजून आहेत. त्यात आजी पूर्ण आहेत, वावर आहे, कुंकू आहे. फक्त डोळे नाहीत.

श्रोतेहो, आपल्याकडे आई-वडिलांचा एकट्याचा चांगला फोटो शोधण्याची वेळ बहुधा दहाव्या-तेराव्याच्या आधीच येते. या उन्हाळ्यात मुलं घरी येतील. एखाद्या संध्याकाळी पाच-साडेपाचला आईला निंबाच्या सावलीच्या कडेला बसवा, ऊन तिच्या पाठीशी असू द्या. फ्लॅश असेल तर बाजूला धरा. नसेल तर कोणाला तरी समोरून धुतलेलं पांढरं धोतर ताणून धरायला सांगा, सूर्य बाकीचं काम करील. फोटो काढा आणि तिला लगेच दाखवा. डोळे दिसताहेत का, हे तिलाच विचारा.