पोट बाईचे, निर्णयही बाईचा
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही डॉ. नफीस सादिक या मुस्लिम बाईंविषयी चार शब्द बोलणार आहोत. कुणी म्हणेल, विहारात हा विषय कशाला? तर १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षाने मांडला होता आणि सभागृहाने तो फेटाळला होता. त्याच प्रश्नावर या बाई पुढे जगभर झुंजल्या.

बाईंचा जन्म १९२९ चा, आजच्या उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा. कराचीच्या डाऊ मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. पाकिस्तानच्या लष्करी इस्पितळांत बायकांच्या वॉर्डात त्यांनी काय पाहिले? एका बाळंतपणातून अंग सावरत नाही, तोच दुसरे. पण नको म्हणायची सोय नाही. नवरा ठरवणार, बाई सोसणार! नुसत्या औषधाने हे दुखणे बरे होणारे नव्हते. म्हणून त्या कुटुंबनियोजनाच्या कामात उतरल्या. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीत गेल्या आणि १९८७ मध्ये त्याच्या प्रमुख झाल्या.

त्या काळी बऱ्याच सरकारांचे गणित एकच होते : माणसे फार झाली, आकडा खाली आणा. आपल्याकडे आणीबाणीत नसबंदीसाठी गोरगरिबांची कशी धरपकड झाली, ते वडीलधाऱ्यांना विचारा. १९९४ च्या कैरो परिषदेच्या सरचिटणीस म्हणून बाईंनी हे गणितच बदलायला लावले. आकडा नव्हे, आधी बाई बघा. मुलीला शिक्षण द्या, बाळंतपण सुखरूप करा. मूल कधी आणि किती, हे तिला ठरवू द्या. व्हॅटिकनचा कडवा विरोध होता. परिषदेआधी प्रत्यक्ष पोपसमोर बसून बाईंनी आपले म्हणणे मांडले. सौदी अरेबियासारखे देश तर आलेच नाहीत. गर्भपाताच्या कलमावर तडजोड करावी लागली. तरी १७९ देशांनी कार्यक्रम स्वीकारला. १९९६ मध्ये भारतानेही कुटुंबनियोजनाची टार्गेट पद्धत सोडली.

२००० साली बाई निवृत्त झाल्या, पुढे एड्सच्या कामात राहिल्या. १४ ऑगस्ट २०२२ रोजी न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले.

बांधवांनो, कैरोत ठरले ते कागदावर. आपल्या खोलीत काय चालते? मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही, आणि थांबायचे ठरले की ऑपरेशन बाईनेच करायचे! पुरुषाची नसबंदी कितीतरी सोपी, पण पुढे येतो कोण? आज घरी गेल्यावर बायकोला, सुनेला एवढेच विचारा, ‘तुझे म्हणणे काय?’ आणि ती सांगेल ते ऐका.

जयभीम! नमो बुद्धाय!