आधी चेहरा, मग फुगा



मला रेडिओवर दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'मुलांचं वाचन'. एवढा मोठा डोंगर दहा मिनिटांत चढायचं माझं वय राहिलेलं नाही. म्हणून त्यातला एकच दगड उचललाय, आणि तो तुम्हाला जरा विचित्र वाटेल. कॉमिक्समधले जे परग्रहवासी तोंड न उघडता, मनातल्या मनात एकमेकांशी बोलतात, त्यांचे चेहरे वाचायचे कसे? त्यांचे खांदे, हात, मान, असल्यास शेपूट, हे सगळं वाचायचं कसं? हसू नका. मी हसण्यावारी बोलत नाहीये.

रावेतला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी दहा वाजता मी मुलं जमवतो आणि आम्ही कॉमिक्स वाचतो. आठ-दहा मुलं असतात. कुणाचे वडील चाकणला, कुणाचे भोसरीला, कुणाची आई हिंजवडीला. माझ्या लक्षात काय आलं, की मुलं संवादांचे फुगे वाचतात आणि पान उलटतात. फुगा, फुगा, फुगा, पान. चित्र म्हणजे फुगा अडकवायची खुंटी! एकदा एक हिरवा मंगळवासी असलेलं पान समोर होतं. मी सहावीतल्या एका हुशार मुलाला विचारलं, "हा आत्ता रागावलाय की घाबरलाय?" तो म्हणाला, "आजोबा, तो अजून काही बोललाच नाहीये." पलीकडे एक मुलगी बसली होती. ओडिशाहून येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. मराठी येत नव्हती, हिंदीही तोडकीमोडकी. तिने काही न बोलता त्या मंगळवासीच्या खांद्यांवर बोट ठेवलं. खांदे कानांपर्यंत चढले होते. घाबरला होता तो. जिला फुगा वाचता येत नव्हता, तिने चित्र वाचलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी आज दोन-तीनदा सांगणार आहे: आधी चेहरा, मग फुगा.

आता तुम्ही म्हणाल, जो मनाने बोलतो त्याला चेहरा हवाच कशाला? तिथेच तर गंमत आहे. चित्रातला परग्रहवासी दुसऱ्या परग्रहवासीच्या मनातलं ओळखतो, पण वाचणारा आपला रावेतचा पोरगा आहे. त्याला कुठली आलीय टेलिपॅथी? चित्रकाराला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तोंड बंद ठेवलेल्या माणसाच्या, म्हणजे त्या प्राण्याच्या, बाकीच्या अंगाला तो दुप्पट कामाला लावतो.

घरातलं उदाहरण देतो. पाहुणे आलेत. आई चिवड्याची बशी पुढे ठेवते. तुम्ही सात वर्षांचे. हात पुढे जातो. आई म्हणते, "घे ना बाळा, घे." हा झाला फुगा. पण आईचे डोळे? डोळे सांगत असतात, "हात लावून तर बघ." महाराष्ट्रातल्या कुठल्या मुलाने या प्रसंगी फुग्यावर विश्वास ठेवलाय? तुम्ही हात मागे घेता. पाहुण्यांना वाटतं, काय गुणी मुलगा! त्यांनी नुसता फुगा वाचला.

आता हेच पुढे न्या. समजा आई काहीच बोलली नाही, नुसतं पाहिलं. राग आहे हे तुम्हाला लगेच कळलं. पण कशाचा? चिवड्याचा? चड्डीला लागलेल्या चिखलाचा? की सकाळी फोडलेल्या कपाचा? तिची नजर कुठे खिळलीय ते पाहिल्याशिवाय कळत नाही. नजर बशीवर असेल तर चिवडा, गुडघ्यावर असेल तर चिखल.

ही गोष्ट पतंजलींनी फार पूर्वी सांगून ठेवली आहे. योगसूत्रांच्या विभूतिपादात परचित्तज्ञान नावाची सिद्धी आहे, दुसऱ्याचं चित्त जाणण्याची. आणि लगेच पुढे एक सूत्र येतं की त्या चित्ताचा आधार, म्हणजे ते कशात गुंतलंय तो विषय, त्यातून कळत नाही. म्हणजे योग्याला समोरच्याच्या मनातली ओढ कळेल, पण ती पेढ्याची आहे की पैशाची, ते नाही कळणार. मला वाटतं, कॉमिक्स काढणाऱ्या प्रत्येकाने हे सूत्र टेबलासमोर चिकटवून ठेवावं. चेहरा मनाची अवस्था सांगतो, फुगा विषय सांगतो. मुलं नुसता विषय घेऊन घरी जातात. अवस्था राहते पानावरच.

तो हिरवा मंगळवासी म्हणजे मार्शियन मॅनहंटर. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २२५ व्या अंकात तो पहिल्यांदा आला. मनातलं वाचतो, रूपही बदलतो. त्याच्या भुवयांचं हाड असं पुढे आलेलं काढतात की डोळे सावलीत जातात. चित्रकाराने स्वतःच्याच हाताने डोळे झाकले! मग उरलं काय? जबडा, खांदे, मान आणि पाठीवरचा झगा. शिवाय पुढे १९८८ च्या मालिकेत असं दाखवलं की हा चेहराही त्याचा मूळचा नव्हे. त्याचं खरं रूप वेगळंच आहे आणि आपल्याला दिसतं ते त्याने माणसांत वावरण्यासाठी घेतलेलं. म्हणजे पाहुण्यांसमोरचा चेहरा. पुन्हा चिवडाच आला की नाही?

दुसरं टोक म्हणजे 'एल्फक्वेस्ट'. १९७८ साली वेंडी पिनी आणि त्यांचे पती रिचर्ड यांनी सुरू केलं. टोकदार कानांची, चार बोटांची ही वनातली माणसं, पण त्यांचे पूर्वज आकाशातून आलेले. ही मंडळी मनाने बोलतात त्याला 'सेंडिंग' म्हणतात, आणि सेंडिंगमध्ये खोटं बोलता येत नाही असा त्या जगाचा नियम आहे. विचार करा, जिथे मनाला खोटं बोलता येत नाही, तिथे चेहऱ्याला लपवायचं काय उरतं? वेंडीबाईंनी डोळे हे एवढे मोठे काढले. जपानी कॉमिक्सवरून, ओसामू तेझुकांवरून त्या शिकल्या. त्या डोळ्यांबद्दल वेगळं बोलायला हवं, पण आज नाही, वेळ नाही.

आणि आपला साबू? चाचा चौधरीचा, गुरू ग्रहावरून आलेला. त्याला राग आला की कुठेतरी ज्वालामुखी फुटतो. त्याचे चित्रकार प्राण यांनी वाचकाचं काम फारच सोपं केलं. माझी तक्रार प्राण यांच्यावर नाही, त्यांचा विनोद मला आवडतो. पण आमच्या मुलांना सगळीकडे ज्वालामुखीच हवा असतो. नुसती भुवई हलली तर दिसत नाही त्यांना.

माझ्या पिढीला चित्र वाचायची सवय कुठून लागली, सांगू? वेताळामुळे. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. मी ते कंपनीच्या बसमध्ये वाचायचो, सेकंड शिफ्टला जाताना. ली फॉक यांच्या या वेताळाच्या मुखवट्यामागे बुबुळंच नाहीत. नुसते पांढरे डोळे. आपण सव्वीस वर्षं एका बुबुळं नसलेल्या माणसाच्या गोष्टी वाचल्या आणि तो कधी चिडलाय, कधी हळवा झालाय हे आपल्याला बरोबर कळत होतं. कशावरून? मुठीवरून, हनुवटीवरून, घोड्याच्या लगामावरच्या हातावरून. कुणी शिकवलं नाही. बसमध्ये दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून एक चौकट तीनदा पाहायचो.

बरं, त्याच्याही आधीची गोष्ट. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आठवा. ठाकर समाजातले कलाकार एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारत सांगतात. त्या चित्रांत सरळ बाजूने पाहिलेला चेहरा आणि हा असा गोल टपोरा डोळा. राम असो की रावण, डोळा जवळजवळ तोच. चेहरा बोलत नाही, तर हात बोलतात, बाणाचं टोक बोलतं, पुढे टाकलेला पाय बोलतो. आणि भरताच्या नाट्यशास्त्रात तर दृष्टीचे ३६ प्रकार आणि भुवयांचे सात प्रकार सांगितलेत. आपल्याकडे एवढी तयारी असताना आपली मुलं... जाऊ द्या. रागावायला लागलो की माझं घसरतं.

मुद्दा परत सांगतो, कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल तर: आधी चेहरा, मग फुगा. आणि चेहरा नसेल तर अंग.

चेहरा नसेल तर काय करायचं, हे शिकायला मी मुलांना रावेतच्या बंधाऱ्याकडे नेतो. पवनेचं पाणी शहरासाठी उचलतात, तिथे. काठाला बगळे असतात. बगळ्याला भुवई नाही, ओठ नाहीत, गाल नाहीत. पण थोडा वेळ पाहिलंत तर मानेवरून कळतं. मान सैल असली की तो नुसता उभा आहे. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढली गेली की मासा गेलाच समजा. एका मुलाने मला तिथेच सांगितलं, "आजोबा, याची मान म्हणजेच भुवई आहे." मला त्या दिवशी निवृत्तिवेतन सार्थकी लागल्यासारखं वाटलं. परग्रहवासी असाच वाचायचा. पहिल्या चार पानांत चित्रकार त्याचा कायदा घालून देतो. डोक्यावरच्या मिशा खाली पडल्या की दुःख, कातडीचा रंग उडाला की भीती. तो कायदा मुलांनी स्वतः शोधायचा. आपण सांगायचा नाही.

कायदा म्हणालो, कारण खुणा सगळीकडे एकसारख्या नसतात. मी तीस वर्षं या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काढली. कानात इअरप्लग. आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा कागदावर असते, पण त्या आवाजात बोलणं कुठलं? आम्ही सगळेच एकमेकांना परग्रहवासी. फोरमनची मान एवढीशी हलली की डाय बदलायची हे कळायचं. क्रेनवाला वर केबिनमध्ये, आम्ही खाली. तर्जनी वर करून गोल फिरवली की माल उचल. तर्जनी खाली करून फिरवली की उतरव. हात आडवा, तळवा खाली आणि पुढे-मागे हलवला की थांब. यात चूक झाली तर कुणाचा पाय जातो. नव्या मुलाला आम्ही पहिला आठवडा नुसतं पाहायला लावायचो. हात लावायचा नाही, फक्त पाहायचं.

आणि आता पाहा, या स्टुडिओत काचेपलीकडे कार्यक्रमाचे निर्माते बसलेत आणि तेही तर्जनी वर करून गोल फिरवतायत. माझ्या हाताला क्षणभर वाटलं, माल उचलायचाय! इथे त्याचा अर्थ 'आवरा' असा आहे म्हणे. बोट तेच, फिरणं तेच, जग बदललं. तुमच्या मुलाला हे कळलं तर शनीवरची एखादी मुलगी हसली म्हणजे खूश झाली, असं तो लगेच धरून चालणार नाही. तिच्या जगात दात दाखवणं म्हणजे काय, हे आधी शोधेल.

आवरतो. पण एक राहिलंच. आपल्या नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांची 'द ब्लॅक क्लाउड' नावाची १९५७ ची कादंबरी आहे. त्यात अवकाशातला एक प्रचंड ढगच बुद्धिमान असतो. त्याला चेहरा नाही, मान नाही, खांदे नाहीत, आणि माणसांशी तो बोलतो रेडिओलहरींतून. आत्ता तुमच्यासाठी मीही तसाच आहे. या ढगाचं कॉमिक्स काढायचं झालं तर चित्रकार काय करील, हा प्रश्न मी मुलांना घातला होता. त्यांनी तीन उत्तरं दिली. पहिलं होतं ढगाच्या कडेचं, म्हणजे कड कशी काढायची, दुसरं... नाही, निर्माते आता उभेच राहिलेत. त्यांचे खांदे मला दिसतायत.

तेव्हा पालकांनो, एवढं करा. मोबाईलवर एकेक फुगा मोठा करून दाखवणारी कॉमिक्स काही दिवस बाजूला ठेवा. घरातलं एखादं जुनं कागदी कॉमिक्स काढा आणि रद्दीच्या कागदाचे तुकडे कापून त्यातले फुगे झाका. मुलाला विचारा, कोण कुणावर रागावलंय आणि कशावरून. मग तुकडे उचला. रावेतला असाल तर रविवारी दहाला या. कागदाचे तुकडे आणि डिंक आमच्याकडे आहे, कॉमिक्स तुमचं आणा.