मेसेज चाळीस वेळा आला, माहिती किती वाढली?

(धुळ्यात तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. 'मला माहीत आहे' असं माणूस केव्हा म्हणू शकतो, या प्रश्नावर गणितात बरंच काम झालंय. आज त्याबद्दल बोलणार आहे. हा विषय धुळ्यात का, ते आधी सांगतो.

१ जुलै २०१८. आपल्याच जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा समाज. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आधीपासून फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं. आपल्याला माहीत आहे, असं त्या जमावाला वाटत होतं. खरोखर काय माहीत होतं?

आता गणिताकडे येऊ. खानदेशातला मे महिना घ्या. पारा ४४ अंशांच्या वर गेलाय का, हे आपल्याला ठरवायचंय. थर्मामीटर दाखवतो ४४.२, पण तो अर्धा अंश इकडेतिकडे चुकू शकतो. म्हणजे खरं तापमान ४३.७ ते ४४.७ मध्ये कुठेही असेल. अजून आपल्याला माहीत नाही. मग चांगला थर्मामीटर आणला. तोही ४४.२ दाखवतो, पण याची चूक ०.१ अंशापेक्षा जास्त नाही. आता शक्यता ४४.१ ते ४४.३ एवढ्याच उरल्या, आणि त्या सगळ्या ४४ च्या वर आहेत. आता म्हणा, "माहीत आहे."

म्हणजे माहीत असणं याचा अर्थ, शिल्लक राहिलेल्या प्रत्येक शक्यतेत ती गोष्ट खरी असणं. आणि शोध घेणं म्हणजे शक्यतांचं वर्तुळ लहान करणं. १९९२ मध्ये रोहित पारिख आणि लॉरेन्स मॉस या दोन तर्कशास्त्रज्ञांनी हीच कल्पना मांडली. पारिख मूळचे गुजरातमधल्या पालनपूरचे. त्यांच्या तर्कशास्त्रात दोन चिन्हं आहेत, एक ज्ञानाचं आणि एक प्रयत्नाचं. खरं असेल तर पुरेशा प्रयत्नाने कळेलच, असं ज्या विधानाबद्दल म्हणता येतं, ते विधान टोपॉलॉजीतल्या ओपन सेटसारखं असतं. मराठी पुस्तकांत त्याला विवृत संच म्हणतात. 'पारा ४४ च्या वर आहे' हे असं विधान. पण तापमान नेमकं ४४ असेल, तर कितीही बारीक थर्मामीटर आणा, वर्तुळ ४४ च्या दोन्ही बाजूंना पसरलेलंच राहील. त्याला सीमा म्हणतात.

आता तो टोळीचा मेसेज बघा. एकच मेसेज चाळीस ग्रुपवरून आला. वर्तुळ किती लहान झालं? अजिबात नाही. चाळीस प्रती म्हणजे चाळीस साक्षीदार नव्हेत. मूळ ठिकाण एकच, तेही कुणी पाहिलेलं नाही. आपण काही मोजलेलंच नाही, फक्त आवाज वाढला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. २९ व्या रोज्याची संध्याकाळ आठवा. चांद दिसल्याची खात्रीची साक्ष आली, की प्रश्न मिटला. पण दिसला नाही तर? ढग असतील, पलीकडच्या गावात दिसला असेल. म्हणून आपण 'चांद नाही' म्हणत नाही, 'चांद दिसला नाही' म्हणतो. आमच्या धंद्यातही तसंच आहे. टेस्टिंगमध्ये प्रोग्राममधली चूक सापडते, पण चूक नाहीच हे टेस्टिंगने सिद्ध होत नाही.

'टोळी आहे' हे विधान पहिल्या जातीचं. खरं असेल तर दाखवता येतं: कोणत्या गावातलं मूल, कोणत्या ठाण्यात तक्रार. 'टोळी नाहीच' हे दुसऱ्या जातीचं. ते कुणीही, कितीही पुरावे देऊन पूर्ण सिद्ध करू शकत नाही. म्हणून पुराव्याचं ओझं नेहमी 'आहे' म्हणणाऱ्यावर. राईनपाड्यात ते ओझं त्या पाच जणांवर पडलं.

हे ओझं तुमच्या ओळखीचं आहे. "तुमच्यात तसला कुणी नाही कशावरून?" भाड्याने घर शोधताना, नोकरीच्या ठिकाणी हा प्रश्न कधी शब्दांत येतो, कधी नुसता नजरेत. त्याचं उत्तर देत आयुष्य घालवू नका. शांतपणे विचारा, "आहे कशावरून? तेवढं दाखवा." पण हाच नियम आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपलाही लागू आहे. दुसऱ्या समाजाबद्दलचा मेसेज आला, की तिथेही पुरावा आधी, राग नंतर.

मग माहीत नसताना करायचं काय? चांद दिसला नाही तर आपण भांडत बसत नाही, ३० रोजे पूर्ण करतो. माहिती नसताना कसं वागायचं, हे तिथे आधीच ठरलेलं आहे. अफवेसाठीही तसं ठरवून ठेवू. संशय आला तर पोलिसांना फोन करायचा, अंगावर हात टाकायचा नाही, फॉरवर्ड करायचं नाही. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. त्याने वेग कमी होतो, पण वर्तुळ लहान होत नाही. त्यासाठी कुणीतरी उठून चौकशी करावी लागते.

पुढचा मेसेज येईल तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: हा वाचण्याआधी जितक्या शक्यता होत्या, त्यातली एक तरी कमी झाली का? नसेल, तर तुम्हाला अजून काहीही माहीत नाही. आणि तसं सरळ म्हणायला लाजू नका.