नकाशाच्या कोपऱ्यातील मुद्रा
(भाषणाचा पाठ)



'शिक्कामोर्तब' हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की, त्यात दोन निरनिराळ्या वस्तू आहेत याचे सहसा भान राहात नाही. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा उमटे, तो शिक्का. मजकूर संपला त्या जागी मर्यादेची लहान मुद्रा उमटे, ते मोर्तब. पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे पहिलीवरून कळे. त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये याचा बंदोबस्त दुसरी करी. मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला, त्या काळातील कारभाराची ही शिस्त. भारतीय नौदलाने २ सप्टेंबर २०२२ रोजी स्वीकारलेल्या ध्वजावरील अष्टकोनही त्याच राजमुद्रेवरून घेतलेला आहे.

आज हीच दोन कामे इमारतीच्या नकाशावरील एक चौकट करते. नकाशाच्या उजवीकडील खालच्या कोपऱ्यात तिचे स्थान. आरेखक तिला 'टायटल ब्लॉक' म्हणतात. मराठीत नामचौकट म्हणावयास हरकत नसावी. भारतीय मानक ११६६५ (सन १९८५) खास तिच्यासाठीच आहे. कामाचे व मालकाचे नाव, नकाशाचा क्रमांक, प्रमाण, दिनांक, काढणारा, तपासणारा, सुधारणांची नोंद, हे सारे तिच्यात येते. राज्यातील विकास नियंत्रण नियमावल्यांच्या नमुन्यांत नकाशा दाखल झाल्याच्या आणि मंजूर झाल्याच्या शिक्क्यांसाठी जागा राखलेली असते. ट्रेसिंग कागदावर शाईने रेषा ओढण्याच्या काळात अनुरेखक ही चौकट हाताने आखी आणि कार्यालयाचे चिन्ह रबरी शिक्क्याने उमटवी. शिक्का कपाटात, किल्ली लिपिकाच्या खिशात. लिपिक रजेवर असला की काम अडे. गैरसोय खरीच, पण तोच पहारा होता.

संगणकाने तो पहारा उठविला. ऑटोकॅड, रेव्हिट, आर्किकॅड यांसारख्या प्रणालींत नामचौकट एकदाच तयार करून ठेवतात आणि ती प्रत्येक पत्रकावर आपोआप बसते. एखाद्या शाळेच्या इमारतीचे बारा नकाशे असले, तर शाळेचे नाव एका ठिकाणी बदलताच बाराही पत्रकांवर बदलते. चिन्हाचीही तशीच सोय करता येते. चौकटीत सर्व आवश्यक चिन्हे अगोदर ठेवावयाची आणि प्रत्येकापुढे 'दिसावे' किंवा 'दिसू नये' अशी खूण जोडावयाची. हुशार आरेखक याच्याही पुढे जातो. तो नकाशाच्या टप्प्याला अंक देतो: १ म्हणजे कच्चा, २ म्हणजे छाननीसाठी, ३ म्हणजे बांधकामासाठी. मग अंकावरून कोणते चिन्ह दाखवावयाचे हे प्रणाली स्वतःच ठरविते. बारा पत्रकांवर बारा वेळा खूण करण्याचे श्रम वाचतात आणि अकरावर चिन्ह, बारावे कोरे, असा घोटाळाही टळतो.

एक अडचण मात्र नेहमीची आहे. ऑटोकॅडमध्ये चिन्हाचे चित्र नकाशाच्या फाइलमध्ये साठविले जात नाही. ते कोठे ठेवले आहे याचा केवळ पत्ता तेथे असतो. फाइल ओरोसच्या कार्यालयातून मालवणला गेली आणि चित्र ओरोसलाच राहिले, तर कोपऱ्यात चिन्हाऐवजी रिकामी चौकट व फाइलचे नाव उमटते. म्हणून चिन्ह साधे असेल तेथे ते चित्ररूपाने न जोडता रेषांनीच काढून चौकटीचा भाग करावे. छपाईतही ते स्वच्छ उठते.

ही झाली कारागिरी. खरा प्रश्न निराळा आहे. कच्च्या नकाशावर मान्य नकाशाचे चिन्ह उमटले, तर पाहणाऱ्याने काय समजावे? तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर निवास-न्याहारीसाठी घराला दोन खोल्या जोडावयाच्या असल्या, तरी मालक, वास्तुविशारद, ग्रामपंचायत, नगररचना कार्यालय, किनारा नियमन क्षेत्राची यंत्रणा, अशा अनेक हातांतून नकाशा फिरतो. गवंडी मात्र त्याच्या हाती आलेला कागद पाहून चिरा बसवितो. कोपऱ्यातील चिन्ह हीच त्याच्या लेखी मंजुरी. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील, ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा रचना कोणाची, तपासणी कोणाची, मान्यता कोणाची, हे प्रश्न सर्वत्र विचारले गेले. अशा प्रश्नांचे पहिले उत्तर कागदाच्या कोपऱ्यातच मिळावयास हवे.

यास्तव चिन्ह आपोआप उमटविताना भेद करणे अगत्याचे आहे. नकाशा काढणाऱ्याने स्वतःचे चिन्ह पहिल्या कच्च्या प्रतीपासून खुशाल दाखवावे. जबाबदारी त्याचीच आहे. ज्या संस्थेसाठी इमारत आहे तिचे चिन्ह तिची संमती मिळाल्यावर यावे. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचा शिक्का मात्र वास्तुविशारदाच्या प्रणालीत असूच नये. त्याची जागा कोरी राहावी. ती भरण्याचा अधिकार त्या कार्यालयाचा. टप्प्याचा अंक भरावयाचा राहिला, तर प्रणालीने संस्थेचे चिन्ह दाखवू नये, आणि 'कच्चा नकाशा' ही अक्षरे ठळक दाखवावीत. पुष्कळ ठिकाणी याच्या नेमके उलट असते, कारण कोपरा भरलेला दिसला की पत्रक देखणे वाटते.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चार सिंहांचे राजचिन्ह शोभेसाठी नाही. भारताचे राजचिन्ह (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, २००५ अन्वये, कागद शासकीय असल्याचा भास होईल अशा रीतीने ते अधिकाराविना वापरण्यास मनाई असून कारावासाची तरतूद आहे. २००७ च्या नियमांनी तर नगरपरिषदा व पंचायत राज संस्था यांनाही, नियमांत अधिकार दिलेला नसेल तर, ते वापरण्यास मज्जाव केला आहे. तेव्हा ग्रामपंचायतीच्या समाजमंदिराच्या नकाशावर आरेखकाने हौसेने सिंह बसविले, तर ते काढावयास सांगणे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे कामच होय. शिवाय 'सत्यमेव जयते' या शब्दांवाचून हे चिन्ह अपुरे असते. ज्या कार्यालयास ते वापरण्याचा अधिकार आहे, त्यानेही चौकटीत ते इतके आकसू देऊ नये की अक्षरे काळा ठिपका होऊन बसतील.

चिन्हापाठोपाठ सहीचे चित्रही चौकटीत कायमचे ठेवण्याची चाल पडत आहे. ती तात्काळ मोडावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने जिला मान्यता दिली ती अंकीय स्वाक्षरी निराळी. स्वाक्षरीनंतर फाइलमध्ये एक रेषा हलविली, तरी तपासणीत ते उघड होते. कागदावरील सहीचे नुसते छायाचित्र कोणतीही रेषा हलली तरी तसेच हसत राहते. जुन्या मोर्तबाचे काम अंकीय स्वाक्षरी करते, छायाचित्र करीत नाही.

मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांतील शिक्षकांनी नामचौकट शिकविताना टप्प्याच्या अंकाचा हा धडा पहिल्याच सत्रात द्यावा. ग्रामपंचायतींनी नकाशा स्वीकारताना कोपऱ्यातील तीन जागा तेवढ्या पाहाव्यात: टप्पा, शेवटच्या सुधारणेचा दिनांक आणि मंजुरीच्या शिक्क्याची चौकट. दाखल होणाऱ्या नकाशात ती चौकट अगोदरच भरलेली आढळल्यास नकाशा परत करावा.