डेक्कन रेडिओ, आकाशवाणी आणि आपली गोदावाणी

रेडिओ केंद्रांना नावं कशी पडली, हा माझ्या आवडीचा विषय आहे. त्याची सुरुवात घरातच झाली. आमच्या अंबडमधले जुने लोक, माझे आजोबाही, आकाशवाणी म्हणत नसत. कुठलंही स्टेशन लागलेलं असो, ते विचारायचे, "हैदराबाद काय म्हणतंय?" मला ते नवल वाटायचं. त्यामागं इतिहास आहे, हे पुष्कळ उशिरा कळलं.

अंबड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. निजामाच्या राज्याचा स्वतःचा रेडिओ होता. हैदराबादच्या चिराग अली गल्लीत महबूब अली नावाच्या गृहस्थांनी तो खाजगी हौसेनं उभा केला. ताकद किती? २०० वॅट. घरातल्या शंभरच्या दोन बल्बांना लागते तेवढी! सरकारनं तो ताब्यात घेतला आणि १९३५ च्या फेब्रुवारीत राज्याचं केंद्र म्हणून प्रसारण सुरू झालं. नाव ठेवलं 'डेक्कन रेडिओ'.

या नावाशी मी थोडा थांबणार आहे, कारण मला इथंच गोडी लागली. राजा स्वतःला निजाम म्हणवतो, घराणं आसफजाही, राजधानी हैदराबाद. यातलं कुठलंही नाव देता आलं असतं. लोक बोलताना निजाम रेडिओ म्हणतही असत. पण पाटीवर आलं ते मुलखाचं नाव: दख्खन. म्हणजे त्यात तेलंगणा आला, कर्नाटकाचा तुकडा आला आणि आपला मराठवाडाही आला. अंबडच्या माणसाला त्या नावात जागा होती. भाषा मात्र मुख्यतः उर्दू. पुढं औरंगाबादलाही राज्याचं केंद्र झालं, तेव्हा रेडिओ आपल्या जवळ आला.

याच केंद्रावरून १९४८ मध्ये रझाकारांची भडक भाषणं ऐकू आली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, भारताच्या पोलिस कारवाईच्या शेवटच्या दिवशी, खुद्द निजाम मीर उस्मान अली खान यांचा आवाज त्यावरूनच आला आणि त्यांनी युद्धबंदी जाहीर केली. मराठवाड्यात आपण दरवर्षी झेंडावंदन करतो तो हा दिवस. ज्या नावानं लोकांना धाक घातला, त्याच नावानं धाक संपल्याचंही सांगितलं. हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता दुसरं संस्थान, म्हैसूर. तिथं मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ च्या सुमारास आपल्या राहत्या घरी रेडिओ केंद्र सुरू केलं. त्याचं नाव आकाशवाणी. पुन्हा सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं हे नाव दिल्लीत बसून ठरवलं. नाही. ते म्हैसूरच्या एका घरातून आलं.

आणि ब्रिटिश हिंदुस्थानात काय चाललं होतं? मुंबई केंद्र १९२७ साली सुरू झालं तेव्हा त्याची ओळख एका आकड्याची आणि दोन अक्षरांची होती: सात, बी, वाय. नंतर मुंबई झाली व्हीयूबी, कलकत्ता व्हीयूसी, दिल्ली व्हीयूडी. यातलं व्हीयू हे आंतरराष्ट्रीय वाटपात भारताच्या वाट्याला आलेल्या अक्षरांपैकी. हौशी बिनतारीवाले आजही व्हीयू लावूनच आपली ओळख देतात. अमेरिकेत अशी अक्षरं हीच केंद्राची ओळख झाली, लोक ती अभिमानानं सांगतात. आपल्याकडं ती कागदोपत्री राहिली. ही केंद्रं चालवणाऱ्या संस्थेचं सरकारी नाव होतं इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. बीबीसीहून आलेले लायोनेल फील्डन यांना ते मुळीच आवडत नव्हतं. त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय: एका मेजवानीनंतर त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गाठलं आणि अडचणीत असल्यासारखं दाखवून सल्ला मागितला. एकेक शब्द असा काढून घेतला, की 'ऑल इंडिया' आणि 'रेडिओ' हे दोन्ही व्हाइसरॉयांच्याच तोंडून आले. नाव आपणच सुचवलं या समाधानात ते राहिले आणि जून १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ अस्तित्वात आला.

एक नाव सहा वर्षांनी आलं, तेही सांगायलाच हवं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला. घोषणेत नाव यायचं, लहरीचा आकडा यायचा, ४२.३४ मीटर, आणि गावाच्या ठिकाणी फक्त 'भारतात कुठंतरी'. गाव सांगितलं तर पोलिस येणार! नोव्हेंबरात ते पकडले गेलेच.

तर १९५० च्या एप्रिलमध्ये म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद ही संस्थानी केंद्रं केंद्र सरकारकडं गेली. सातेक वर्षांनी म्हैसूरचं 'आकाशवाणी' हे नाव साऱ्या देशाचं झालं. डेक्कन रेडिओ मात्र पुसला गेला. दोन्ही संस्थानांतलीच नावं. एक राष्ट्राचं झालं, दुसऱ्याची आठवण आपल्या म्हाताऱ्यांच्या 'हैदराबाद'मध्ये तेवढी उरली. त्यानंतरचं तुम्हाला ठाऊकच आहे: विविध भारती, साठच्या दशकाच्या अखेरीस परभणी केंद्र, १३०५ किलोहर्ट्झ. २०२३ पासून सरकारनं ऑल इंडिया रेडिओ हे इंग्रजी नावही सोडलं.

आज एफएमवर मिरची आहे, कोल्हापुरात टोमॅटो आहे. टोमॅटो मला आवडतो. तो कोल्हापूरचा आहे, आणि लक्षात राहतो. पण एकच नाव पंचवीस शहरांत लागतं तेव्हा आपण कुठल्या गावचं ऐकतोय ते समजत नाही. तासातासाला केंद्राचं नाव आणि गाव सांगण्याची शिस्त सैल होतेय, याचं मला वाईट वाटतं. सामुदायिक केंद्रांनी ती चांगली जपलीय: म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, सांगली जिल्ह्यातली येरळावाणी. एक माणदेशाच्या नावावर, दुसरी नदीच्या.

असं केंद्र साधारणपणे १०० वॅटचं असतं, जुन्या डेक्कन रेडिओच्या निम्मं. महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा नोंदणीकृत संस्था त्यासाठी अर्ज करू शकते. आपल्या तालुक्यातल्या कुणी मनावर घेतलं तर नावाची एक सूचना माझ्याकडून घ्यावी. मत्स्योदरी हे नाव आपण देवीला आणि शाळा-कॉलेजांना दिलेलंच आहे. पण आपल्याच तालुक्यात शहागडला गोदावरीही आहे. गोदावाणी म्हणा, आणि दर तासाला पुढं 'अंबड' जोडा.